वेबपानाचा संदर्भ देताना: नोंद, तारीख आणि जतन केलेली प्रत

एका प्रबंधाचा मसुदा तपासत असताना मी एका विधानापाशी अडलो. विधानाला आधार म्हणून एका संस्थेच्या वेबपानाचा संदर्भ दिलेला होता, पत्ता बिनचूक होता आणि पान उघडतही होते; पण प्रबंधात दिलेला आकडा त्या पानावर कुठेच नव्हता. संशोधक विद्यार्थिनीने तो मनानेच लिहिला असावा, अशी शंका घेणे सोपे होते. पुढे इंटरनेट अर्काइव्ह या वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संग्रहात त्याच पानाची काही महिन्यांपूर्वीची प्रत सापडली आणि तिच्यात तो आकडा जसाच्या तसा होता. मधल्या काळात संस्थेने पान अद्ययावत केले होते आणि जुना आकडा काढून नवा घातला होता. विद्यार्थिनीचे वाचन अचूक होते. फक्त पान कोणत्या दिवशी पाहिले हे तिने नोंदवलेले नव्हते आणि त्या दिवशीची प्रतही जपलेली नव्हती.

छापील ग्रंथाची आवृत्ती आणि पृष्ठांक सांगितला, की वाचक वीस वर्षांनंतरही त्याच ओळीपर्यंत पोहोचतो. वेबपानाच्या बाबतीत तसे होत नाही. कधी पान नाहीसे होते, तर कधी पत्ता तोच राहून आतला मजकूर बदलतो, आणि हा दुसरा प्रकार अधिक घातक असतो, कारण तो पटकन लक्षात येत नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. जोनाथन झिट्रेन, केंद्रा अल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील दुवे तपासले होते. त्यांतील सुमारे निम्मे दुवे मूळ उद्धृत मजकुरापर्यंत नेत नव्हते. हार्वर्डच्या विधिविषयक नियतकालिकांत हे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक निघाले. निकालपत्रांसारख्या काळजीने लिहिलेल्या दस्तऐवजांची ही स्थिती असेल, तर आपल्या शोधनिबंधातील दुव्यांवर आंधळा विश्वास ठेवता येणार नाही. म्हणून वेबपानाच्या संदर्भात पत्त्याइतकेच महत्त्व, किंबहुना अधिक महत्त्व, ‘मी हे पान या तारखेला पाहिले आणि तेव्हा त्यावर हे होते’ या साक्षीला आहे. पुढील सर्व पायऱ्या ती साक्ष पक्की करण्यासाठी आहेत.

आधी ठरवावे: हे खरोखर वेबपान आहे का?

पडद्यावर वाचलेली प्रत्येक गोष्ट वेबपान म्हणून नोंदवणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. संशोधनपत्रिकेतील लेख आपण ब्राउझरमध्ये वाचला, तरी तो लेखच असतो; त्याची नोंद पत्रिकेचे नाव, खंड, अंक आणि पृष्ठांक यांसह करावी. एखाद्या संस्थेचा अहवाल पीडीएफ स्वरूपात मिळाला, तर त्याची नोंद अहवाल म्हणून करावी. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरील बातमी ही बातमी म्हणूनच, वृत्तपत्राच्या नावानिशी आणि पूर्ण दिनांकासह नोंदवावी. दुसऱ्या कोणत्याही प्रकारात न बसणारा आणि केवळ संकेतस्थळाचाच भाग असलेला मजकूर तेवढा वेबपान या सदरात येतो.

लेखाला डीओआय असेल, तर वेबपत्त्याऐवजी तोच द्यावा. डीओआय हा १० या अंकांनी सुरू होणारा कायमस्वरूपी ओळखक्रमांक असतो. प्रकाशकाने संकेतस्थळ बदलले, लेख दुसरीकडे हलवला, तरी नोंदणी अद्ययावत ठेवली जात असल्यामुळे हा क्रमांक वाचकाला नव्या ठिकाणी नेऊन पोहोचवतो. एवढी सोय हाताशी असताना ब्राउझरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता चिकटवण्यात अर्थ नाही.

शोधयंत्राचे निकालपान हा स्रोत नव्हे. तिथे दिसलेली दोन ओळींची ओळख वाचून संदर्भ देऊ नये. मूळ पान उघडून संबंधित परिच्छेद संपूर्ण वाचावा. विकिपीडियाच्या बाबतीतही शक्यतो लेखाच्या तळाशी दिलेल्या मूळ स्रोतापर्यंत जावे आणि तो स्वतः वाचून त्याचा संदर्भ द्यावा. मूळ स्रोत प्रत्यक्ष न पाहता त्याचा संदर्भ देणे मात्र अप्रामाणिकपणाचे आहे. विकिपीडियावरील लेखच आपल्या अभ्यासाचा विषय असेल, तर ‘इतिहास’ या पानावरून त्या विशिष्ट आवृत्तीचा कायमस्वरूपी दुवा घ्यावा, कारण नेहमीच्या पत्त्यावरचा मजकूर कोणत्याही क्षणी बदलू शकतो.

वाचतानाच करायची नोंद

संदर्भाचे निम्मे काम वाचनाच्या वेळीच उरकते, आणि ते तेव्हा केले नाही तर शेवटच्या आठवड्यात दुप्पट होऊन समोर येते. पान उपयोगाचे वाटले, की पुढे जाण्यापूर्वी लेखक, शीर्षक, संकेतस्थळाचे नाव, प्रकाशनाचा दिनांक, पत्ता आणि आपण पान पाहिल्याचा दिनांक एवढ्या गोष्टी टिपून ठेवाव्यात. जे वाक्य किंवा जो आकडा आपण वापरणार आहोत, तोही त्याच नोंदीत जसाच्या तसा, अवतरणचिन्हांत उतरवावा.

लेखक शोधताना घाई करू नये. नाव कधी शीर्षकाखाली, कधी लेखाच्या अगदी शेवटी, तर कधी ‘आमच्याविषयी’ या पानावर असते. ‘अ‍ॅडमिन’ किंवा ‘संपादक मंडळ’ असे काही दिसले, तर ते व्यक्तीचे नाव म्हणून उतरवू नये. व्यक्तीचे नाव नसेल, पण मजकुराची जबाबदारी उघडपणे संस्थेची असेल, तर संस्था हीच लेखक होय. तीही निश्चित करता येत नसेल, तर नोंद शीर्षकापासून सुरू करावी. ‘अज्ञात’ हा शब्द संदर्भलेखनाच्या बहुतेक शैलींमध्ये पानावर तसे छापलेले असेल तरच चालतो. आणि लेखक किंवा संस्था यांपैकी कोणीच सापडत नसेल, तर हा मजकूर मुळात आधार म्हणून घ्यावा का, याचा विचार तिथेच थांबून करावा. माझ्या मते अशा दहांपैकी नऊ पानांना सोडून देणे श्रेयस्कर असते.

शीर्षक म्हणून पानावरचे मोठ्या अक्षरांतले मथळ्याचे शब्द घ्यावेत. ब्राउझरच्या टॅबवर दिसणारे शीर्षक अनेकदा वेगळे असते, कारण ते शोधयंत्रांसाठी लिहिलेले असते आणि त्याला संकेतस्थळाचे नाव जोडलेले असते.

दिनांकाच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ होतो. पानाच्या तळाशी स्वामित्वहक्काच्या चिन्हाशेजारी जे वर्ष असते, ते त्या पानाचे प्रकाशनवर्ष मानू नये. ते बहुधा संपूर्ण संकेतस्थळासाठी असते आणि पुष्कळ ठिकाणी दरवर्षी आपोआप बदलते. ‘प्रकाशित’ आणि ‘अद्ययावत’ असे दोन दिनांक असतील, तर आपण वाचलेला मजकूर ज्या दिनांकाचा आहे, म्हणजे सामान्यतः अद्ययावत केल्याचा, तो द्यावा. ‘शेवटचे पुनरावलोकन’ असा दिनांक मात्र वेगळा असतो: पुनरावलोकनात मजकूर बदललाच असेल असे नाही, म्हणून एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ठरवलेली) शैली तो प्रकाशनाचा दिनांक म्हणून वापरू देत नाही. दिनांक कुठेच नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. अंदाजाने वर्ष घालणे हे संदर्भ न देण्यापेक्षाही वाईट, कारण ते वाचकाला चुकीच्या दिशेने पाठवते.

पत्ता स्वच्छ करणे

पट्टीतला पत्ता उचलून चिकटवण्यापूर्वी तो वाचावा. प्रश्नचिन्हानंतर ‘यूटीएम’ (utm) या अक्षरांनी सुरू होणारे तुकडे दिसले, तर आपण त्या पानावर कुठून आलो याची ती मोजणी असते. पानाशी तिचा संबंध नसतो. तो भाग काढून टाकावा, उरलेला पत्ता पुन्हा उघडावा आणि तेच पान येते का ते पाहावे. ही खात्री आवश्यक आहे, कारण काही संकेतस्थळांवर प्रश्नचिन्हानंतरचा क्रमांक हीच त्या पानाची ओळख असते आणि तो काढला तर पान सापडतच नाही.

ग्रंथालयाच्या सदस्यत्वातून लेख उघडला असेल, तर पत्त्यात ग्रंथालयाच्या प्रॉक्सी सर्व्हरचे (सदस्यांना प्रवेश देणाऱ्या मध्यस्थ संगणकाचे) नाव शिरलेले असते. असा पत्ता बाहेरच्या वाचकाला प्रवेशाच्या खिडकीपाशीच अडवतो. लघुदुवे, म्हणजे लांब पत्त्याऐवजी एखाद्या सेवेकडून मिळवलेले छोटे दुवे, तेही देऊ नयेत. लघुदुवा देणारी सेवा बंद पडली, की मूळ पान शाबूत असूनही वाट बंद होते. पत्ता ठीक आहे की नाही हे तपासण्याची सोपी रीत म्हणजे तो ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून पाहणे. तिथे आपण कोणत्याही खात्यात प्रवेश केलेला नसतो, त्यामुळे परक्या वाचकाला जे दिसेल तेच आपल्यालाही दिसते.

पानाची प्रत जतन करणे

ही पायरी अनेक मार्गदर्शिकांमध्ये तळटिपेत ढकललेली असते. माझ्या दृष्टीने ती केंद्रस्थानी आहे. इंटरनेट अर्काइव्ह ही ना-नफा संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती साठवत आहे आणि तिचे ‘वेबॅक मशीन’ २००१ पासून सर्वांसाठी खुले आहे. तिथे पानाचा पत्ता देऊन त्याच क्षणीची प्रत जतन करून घेता येते. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि बहुतेक पाने मिनिटाभरात जतन होतात.

जतन केलेल्या प्रतीच्या पत्त्याकडे जरा निरखून पाहावे. त्यात मूळ पत्ता तर असतोच, शिवाय त्याच्या आधी चौदा आकडी संख्या असते. उदाहरणार्थ, २०२४०५१७१०३००० या संख्येचा अर्थ असा, की ती प्रत २०२४ च्या पाचव्या महिन्यातील १७ तारखेला १० वाजून ३० मिनिटे ० सेकंदांनी घेतली गेली. म्हणजे एकाच पत्त्यात मूळ ठिकाण आणि साक्षीची वेळ दोन्ही सामावलेली असतात. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते, त्यामुळे भारतात मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे जतन केलेल्या प्रतीचा दिनांक आपल्या दिनदर्शिकेपेक्षा एक दिवस मागे दिसू शकतो. ती चूक समजून बदलू नये.

प्रत जतन झाली, की ती उघडून पाहावी. ‘अधिक वाचा’ वर टिचकी मारल्यावर उलगडणारे भाग, आलेख आणि हलते तक्ते कित्येकदा प्रतीत उतरत नाहीत. आपल्याला हवा असलेला आकडा नेमका तशाच तक्त्यात असेल, तर ते जतन व्यर्थ ठरते. काही संकेतस्थळे अशा प्रतींना मनाई करतात. तेव्हा हार्वर्ड विधि विद्यालयाच्या ग्रंथालयाने २०१३ मध्ये सुरू केलेली ‘पर्मा’ ही सेवा वापरून पाहता येते, आणि तेही जमले नाही तर पान पीडीएफ स्वरूपात स्वतःजवळ ठेवावे. स्वतःजवळची प्रत वाचकाला उघडता येत नाही, पण परीक्षकाने विचारणा केल्यास ती दाखवता येते. झोटेरो हे संदर्भव्यवस्थापनाचे मोफत सॉफ्टवेअर पानाची नोंद घेतानाच त्याची अशी प्रत संगणकावर साठवू शकते.

संदर्भसूचीतील नोंद

शैली आपण निवडायची नसते. विद्यापीठ, विभाग किंवा संशोधनपत्रिका ती ठरवते. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी कोणती शैली आणि तिची कोणती आवृत्ती अपेक्षित आहे, हे लेखी विचारून घ्यावे. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आणि एमएलएची (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या शैलीची) नववी आवृत्ती २०२१ मध्ये आली. शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने ठरवलेल्या शिकागो शैलीच्या सतराव्या (२०१७) आणि अठराव्या (२०२४) या दोन्ही आवृत्त्या अजून वापरात दिसतात. जुन्या आवृत्तीवरून तयार केलेले नमुने महाजालावर भरपूर फिरत असतात आणि नवशिके लेखक तिथेच फसतात.

एक खरे पान घेऊन पाहू. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर ‘कूल यूआरआयज डोन्ट चेंज’ हे पान लिहिले. पत्ते बदलू नयेत, हाच त्याचा विषय आहे, आणि ते पान आजही त्याच पत्त्यावर उघडते. (वाचनाच्या सोयीसाठी शीर्षक इथे देवनागरीत दिले आहे.) एपीए शैलीत त्याची नोंद अशी होईल:

बर्नर्स-ली, टी. (१९९८). कूल यूआरआयज डोन्ट चेंज. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम. [पानाचा पूर्ण पत्ता]

यात शीर्षक तिरप्या अक्षरांत येते आणि पत्त्यानंतर पूर्णविराम देत नाहीत, कारण तो पत्त्याचाच भाग समजला जाण्याची शक्यता असते. एमएलए शैलीत तेच पान असे येईल:

बर्नर्स-ली, टिम. “कूल यूआरआयज डोन्ट चेंज.” वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम, १९९८, [पानाचा पत्ता].

इथे पानाचे शीर्षक अवतरणचिन्हांत आणि संकेतस्थळाचे नाव तिरप्या अक्षरांत असते, कारण एमएलए पानाकडे मोठ्या संग्रहातील एक घटक म्हणून पाहते. शेवटी पूर्णविरामही येतो. शिकागोच्या तळटीप पद्धतीत नाव सरळ क्रमाने, म्हणजे टिम बर्नर्स-ली असे, येते आणि सूचीमध्ये आडनाव आधी येते. व्हँकूव्हर (मुख्यतः वैद्यकशास्त्रातील) आणि आयईईई (मुख्यतः अभियांत्रिकीतील) शैलींमध्ये नोंदींना मजकुरात येण्याच्या क्रमाने अंक दिले जातात.

पान पाहिल्याचा दिनांक लिहावा की नाही, याबाबत शैलींचे एकमत नाही. व्हँकूव्हर शैलीत तो लागतोच. एपीए तो फक्त सतत बदलत राहणाऱ्या आणि जुनी आवृत्ती जतन न होणाऱ्या पानांसाठी मागते. एमएलए तो ऐच्छिक मानते, आणि शिकागो प्रामुख्याने प्रकाशनाचा दिनांक नसेल तेव्हा तो मागते. तरीही नोंदवहीत तो प्रत्येक पानासाठी टिपलेला असावा. सूचीत छापायचा की नाही, हे शैलीवर सोपवावे.

लेखक आणि संकेतस्थळ एकच संस्था असेल, तर एपीएमध्ये संस्थेचे नाव दोनदा लिहीत नाहीत. एकाच संस्थेची एकाच वर्षातली दोन पाने असतील, तर वर्षापुढे अ, आ अशी अक्षरे जोडून ती वेगळी ओळखू येतील असे करावे आणि मजकुरातही तीच अक्षरे वापरावीत. समाजमाध्यमावरील नोंदीला शीर्षक नसते. एपीएमध्ये तिच्या मजकुराचे पहिले वीस शब्द शीर्षक म्हणून घेतात.

मजकुरातील संदर्भ

सूचीतील नोंद कितीही नीट असली, तरी मजकुरात ती नेमक्या विधानाला जोडलेली नसेल तर उपयोग नाही. कंसात लेखक आणि वर्ष, किंवा शैलीनुसार क्रमांक, हे विधान संपते तिथेच द्यावे. चार विधानांच्या परिच्छेदाअखेरी एकच कंस टाकला, तर कोणते विधान कुणाचे हे वाचकाला कळत नाही.

वेबपानाला पृष्ठांक नसतो. छापून काढल्यावर कागदावर उमटलेला पृष्ठांक वापरू नये, कारण तो कागदाच्या आणि अक्षरांच्या आकारानुसार बदलतो. एपीए शैलीत उपशीर्षकाचे नाव देता येते किंवा परिच्छेद मोजून त्याचा क्रमांक देता येतो: (बर्नर्स-ली, १९९८, परि. ४). एमएलएमध्ये मात्र पानावरच परिच्छेदांना क्रमांक छापलेले असतील तरच ते द्यायचे असतात. स्वतः मोजलेले क्रमांक तिथे चालत नाहीत. व्हिडिओ किंवा ध्वनिफितीसाठी मिनिटे आणि सेकंद द्यावेत. संपूर्ण संकेतस्थळाचा केवळ ओझरता उल्लेख असेल, तर एपीएनुसार मजकुरात त्याचे नाव आणि पत्ता पुरतो, सूचीत नोंद लागत नाही. एरवी वाक्याच्या मधोमध पत्ता घालू नये.

देवनागरी पत्ते आणि परभाषेतील पाने

मराठीत लिहिणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. ज्या पत्त्यात देवनागरी अक्षरे असतात, तो पट्टीत नीट दिसतो, पण उचलून चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. यूटीएफ-८ या, संगणकात अक्षरे साठवण्याच्या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि प्रत्येक बाइटसाठी पत्त्यात तीन अक्षरे लागतात. ‘भाषा’ या शब्दात काने धरून चार चिन्हे आहेत, म्हणजे तेवढ्या एका शब्दाची ३६ अक्षरे होतात. असा पत्ता दोन ओळींत तुटतो आणि दुवा निकामी होतो. विकिपीडियासारख्या ठिकाणी आवृत्तीक्रमांकावर आधारलेला कायमस्वरूपी दुवा घेतल्यास ही माळ टाळता येते. इतरत्र देवनागरी पत्ता जसाच्या तसा ठेवून तो उघडतो का, हे तपासावे.

पान परभाषेतील असेल, तर शीर्षक मूळ भाषेत व मूळ लिपीत द्यावे आणि चौकटी कंसात त्याचे मराठी भाषांतर जोडावे. केवळ भाषांतर दिले, तर त्या शब्दांनी शोध घेणाऱ्याला पान सापडणार नाही. लेखकांची नावे देवनागरीत लिहायची की मूळ लिपीत, हे सुरुवातीलाच ठरवून शेवटपर्यंत पाळावे, कारण त्यावर सूचीचा वर्णक्रम अवलंबून असतो.

सादर करण्यापूर्वी

सूची तयार झाल्यावर प्रत्येक दुवा उघडावा. साठ-सत्तर संदर्भ असतील तर एक दुपार जाते, आणि ती घालवण्यासारखी असते. पान उघडले एवढ्यावर समाधान न मानता आपल्या नोंदीतले वाक्य किंवा आकडा त्या पानावर शोधावा. मजकुरात आलेला प्रत्येक संदर्भ सूचीत आहे ना आणि सूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात वापरलेली आहे ना, हेही याच वेळी ताडून पाहावे. संदर्भव्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरने आपोआप भरलेल्या नोंदी विशेष बारकाईने वाचाव्यात, कारण ते संकेतस्थळाचे नाव लेखकाच्या जागी टाकते, टॅबचे शीर्षक उचलते आणि दिनांकाचा रकाना कित्येकदा रिकामा सोडते. शब्दसंस्कारकाने (वर्ड प्रोसेसरने) ओळीच्या अखेरीस पत्त्यात संयोगचिन्ह घातले असेल, तर ते काढावे.

या तपासणीत एखादे पान गेलेले आढळले, तर आधी वेबॅक मशीनमध्ये आपण पान पाहिलेल्या दिनांकाच्या सर्वांत जवळची प्रत शोधावी आणि तिच्यात आपले अवतरण आहे याची खात्री करून तिचा पत्ता द्यावा. प्रत नसेल, तर अवतरणातील सात-आठ सलग शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधावेत. संकेतस्थळाची पुनर्रचना झाल्यावर पाने बहुधा नव्या पत्त्यावर हललेली असतात. तरीही हाती काही लागले नाही, तर त्या विधानाला दुसरा तपासता येण्याजोगा आधार शोधावा. तोही नसेल आणि विधान युक्तिवादासाठी अत्यावश्यक असेल, तर मूळ पत्ता, पान पाहिल्याचा दिनांक आणि पान आता उपलब्ध नसल्याचा स्पष्ट उल्लेख तळटिपेत करून आपल्याजवळची पीडीएफ प्रत परिशिष्टात जोडावी. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर ते विधान काढून टाकावे आणि त्यावर उभा असलेला पुढचा परिच्छेद पुन्हा लिहावा.